वही द्या, स्कॅनचे पैसे वेगळे

‘द स्केचबुक प्रोजेक्ट’ला चित्रं निवडायला परीक्षक नव्हते, ही त्याची सगळ्यात चांगली गोष्ट. २००६ साली अटलांटात सुरू झालेला हा उपक्रम २००९ मध्ये ब्रुकलिनला आला. पैसे भरले की कोरी वही घरी यायची: पाच बाय सात इंच, बत्तीस पानं. ती भरून परत पाठवली की ग्रंथालयाच्या फडताळात जाऊन बसायची.

कागद मात्र भलताच पातळ. जलरंग लावा, पान सुरकुततं. मार्कर लावा, मागे उमटतो. म्हणून कित्येकांनी आतली पानं काढून आपला जाड कागद शिवला. पण खरी परीक्षा कागदाची नव्हतीच. बत्तीस पानं भरायची तर चार चांगली चित्रं पुरत नाहीत. पान उलटल्यावर पुढे काय, ते सुचावं लागतं. भिंतीवर टांगायच्या चित्राला ही अडचण नसते, आणि सवयीचा चित्रकारही इथे अडखळतो.

कुणी तुमची वही वाचायला काढली, की तुम्हाला तसा निरोप यायचा. प्रदर्शनात दहा सेकंद थबकणाऱ्या गर्दीपेक्षा हे सुख मोठं, नाही का?

खटकतं ते पुढचं. वही एकुलती एक, ती देऊन टाकायची. स्कॅन हवं तर त्याचे पैसे वेगळे. २०२२ मध्ये फ्लोरिडाला नेताना वह्यांच्या ट्रेलरला आग लागली, हजारो जळाल्या. ज्यांनी ते जादा पैसे भरले नव्हते, घरी फोटोही काढले नव्हते, त्यांच्याकडे काय उरलं? संग्रह सगळ्यांचा म्हणता ना, मग प्रत राखणं हा चित्रकाराचा वरखर्च कसा? ते ग्रंथालयाचं काम होतं.