ज्ञानकोश, विश्वकोश आणि विकिपीडिया : कर्तृत्वाचा व भाषेचा प्रश्न

कोशवाङ्मयाकडे मराठी समीक्षेने आजवर साधन म्हणूनच पाहिले आहे. कोश उघडावयाचा, हवी ती माहिती घ्यावयाची आणि तो मिटून ठेवावयाचा, एवढाच त्याच्याशी अभ्यासकाचा संबंध. कोशातील गद्याला शैली असते, त्याला दृष्टिकोण असतो आणि तो दृष्टिकोण कोश निर्माण करणाऱ्या संस्थेच्या घडणीतून आलेला असतो, या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः एखाद्या भाषेतील कोशगद्य हे त्या भाषेच्या ज्ञानव्यवहाराचे सर्वांत प्रामाणिक चित्र होय. कवितेत वा कादंबरीत प्रतिभावंताच्या बळावर भाषेचे दारिद्र्य झाकले जाऊ शकते; कोशात ते झाकता येत नाही.

या विचारास मराठीइतकी सोयीची भाषा क्वचितच सापडेल. अवघ्या शंभर वर्षांत तिच्यात ज्ञानसंग्रहाचे तीन मोठे प्रयत्न झाले आणि तिहींच्या मागील संस्था तीन निरनिराळ्या जातींच्या आहेत. पहिला प्रयत्न भागधारकांच्या कंपनीचा, दुसरा शासनाचा आणि तिसरा कोणाही येणाऱ्याजाणाऱ्याला संपादनाचा अधिकार देणाऱ्या समुदायाचा. तिसऱ्याचे नाव मराठी विकिपीडिया. त्याची चर्चा बहुधा त्यातील चुकांपुरतीच होते. तिच्या पलीकडे जाऊन या तिन्ही प्रयत्नांना एका मापाने मोजावयाचे तर प्रश्न असा विचारावा लागतो, की या मजकुराचे उत्तरदायित्व कोणाकडे आहे, आणि तो लिहिणारा जगाकडे कोठून पाहतो?

पहिल्या प्रयत्नाचे नायक श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचा जन्म १८८४ साली रायपूर येथे झाला. रायपूर तेव्हा मध्यप्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे वसलेली होती. त्यांची घरची भाषा एक आणि बाजाराची भाषा दुसरी. अशा सीमावर्ती भूमीत जन्मलेल्या माणसाने पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात हिंदुस्थानातील जातिसंस्थेवर प्रबंध लिहावा, कलकत्त्याच्या विद्यापीठात अध्यापन करावे आणि अखेर मराठीत सबंध जगाचा कोश करण्यास नागपुरात आरंभ करावा, यात एक संगती आहे. ज्याची भाषा भोवतालच्या भाषेने वेढलेली असते, त्याला ती गृहीत धरता येत नाही; ती कशासाठी आहे हे त्याला ठरवावे लागते.

केतकरांपाशी राजाश्रय नव्हता आणि विद्यापीठाचा पाठिंबाही नव्हता. त्यांनी ज्ञानकोश मंडळ या नावाची मर्यादित कंपनी स्थापन केली, तिचे भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळविले आणि पुढे काम पुण्यास हलविले. १९२० पासून सुमारे एका दशकात तेवीस खंड प्रसिद्ध झाले. या उद्योगाचा इतिहास त्यांनी स्वतःच्या बारा वर्षांच्या कामाचा वृत्तांत म्हणून स्वतंत्रपणे लिहिला. कोशाचा व्यवहार हाही वाङ्मयाचा विषय आहे, हे ओळखणारा तो मराठीतील बहुधा एकमेव कोशकार. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे हे त्यांचे सहकारी पुढे महाराष्ट्र शब्दकोशाकडे वळले. म्हणजे कंपनीने केवळ ग्रंथ निर्माण केला नाही, कोशकारांची एक पिढी निर्माण केली.

ज्ञानकोशाचे वैशिष्ट्य त्याच्या मांडणीतच दिसते. अकारविल्हे लेखांच्या आधी पाच प्रस्तावनाखंड येतात आणि त्यांतील पहिल्याचा विषय हिंदुस्थान आणि जग हा आहे. जगाचे ज्ञान मराठीत उतरवून घेणे हा केतकरांचा हेतू नव्हता. मराठी माणूस जेथे उभा आहे तेथून जगाची फेरमांडणी करणे हा होता. म्हणून त्यांचे गद्य वाद घालते, मते ठोकून देते, क्वचित भरकटतेही. त्यात लालित्य नाही. त्यांच्या कादंबऱ्यांप्रमाणे ते ओबडधोबड आहे. परंतु त्या गद्यामागे माणूस उभा आहे, हे वाचकास क्षणभरही विसरता येत नाही. त्याच्याशी भांडता येते, कारण तो सापडतो.

या प्रयत्नाची मर्यादाही त्याच्या घडणीतच होती. भागधारक पैसा देऊ शकत होते; मजकुरात हात घालू शकत नव्हते. ज्ञान एका मुख्य संपादकाच्या दृष्टीने गाळून येत होते. खंड संपले तसे कंपनीचे प्रयोजन संपले आणि १९३७ साली केतकरांच्या निधनानंतर त्या ग्रंथाची पुढील आवृत्ती सिद्ध करणारा कोणी उरला नाही. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने तो पुढे महाजालावर खुला केला, ही मोठीच सेवा होय; पण तो खुला झाला तो जतन केलेला ग्रंथ म्हणून, वाढता ग्रंथ म्हणून नव्हे.

दुसरा प्रयत्न शासनाचा. १९६० साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना होऊन तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा पुरा होण्यास २०१५ साल उजाडले. येथे एकाच्या दृष्टीची जागा तज्ज्ञांच्या मंडळाने घेतली. लेखाच्या शेवटी लेखकाचे नाव आले, परिभाषा ठरली, प्रमाण ठरले. या गद्याचा गुण संयम हा आहे. विज्ञानाच्या कित्येक शाखांना मराठीत प्रथमच सलग, शिस्तबद्ध वाक्यरचना मिळाली ती येथे. दोष असा, की परिभाषा संस्कृतच्या टांकसाळीतून आल्यामुळे ती पुष्कळदा कोशाच्या पानांबाहेर पडलीच नाही. शिवाय जवळजवळ चाळीस वर्षे चाललेल्या छापील कोशात शेवटचा खंड येईतो पहिला जुना होतो. शासनाची मुदत लांब असते, परंतु ज्ञानाची मुदत तेवढी लांब नसते.

शासकीय कोशाला भूगोलाचीही सीमा पडते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले आणि रायपूर दुसऱ्यात. विश्वकोश मराठी भाषेचा असला, तरी तो घडविणारी यंत्रणा महाराष्ट्र राज्याची. रायपूर, इंदूर, बडोदे वा बेळगाव येथील मराठी माणूस तिचा वाचक होऊ शकतो. घटक होणे त्याला अवघड जाते. केतकरांच्या जन्मभूमीतील मराठी वाचक अशा रीतीने मराठीच्या ज्ञानव्यवहाराच्या काठावर गेला.

तिसऱ्या प्रयत्नाचा उगम दूर देशी आहे, परंतु त्याची कथा पहिल्या दोहोंशी विलक्षण जुळते. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली वाचकालाच पान दुरुस्त करू देणारी एक रचना तयार केली आणि हवाई बेटांच्या भाषेतील शीघ्रतावाचक शब्दावरून तिला विकी असे नाव दिले. २००० साली जिमी वेल्स यांच्या बोमिस या कंपनीने लॅरी सँगर यांच्या संपादकत्वाखाली नुपीडिया नावाचा कोश आरंभिला. तो तज्ज्ञांचा होता आणि प्रत्येक लेखास सात पायऱ्यांच्या परीक्षणातून जावे लागे. परिणामी मोजकेच लेख सिद्ध झाले. त्याला पूरक म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि पूरकाने मूळ कोशाला गिळून टाकले. वाईला जो अनुभव चार दशकांत आला, तो येथे एका वर्षात आला.

परंतु खरा महत्त्वाचा भाग पुढे आहे. या कोशाचा मजकूर मुक्त परवान्याखाली असल्याने तो नकलून घेण्याचा व वेगळे होण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. २००२ साली कोशावर जाहिराती येतील या शंकेने स्पॅनिश लेखकांचा एक गट मजकूर घेऊन बाहेर पडला आणि त्याने सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयाने आपला स्वतंत्र कोश उभारला. २००३ च्या जूनमध्ये विकिमीडिया प्रतिष्ठान स्थापन झाले आणि कोशाची मालकी नफ्याच्या व्यवहारातून बाहेर आली. याउलट विकिट्रॅव्हल हा प्रवासविषयक विकी २००६ साली एका व्यापारी कंपनीने विकत घेतला. २०१२ साली त्याच्या लेखकांनी निघून जाण्याचे ठरविले, कंपनीने दोघा स्वयंसेवकांवर दावा लावला, तरीही २०१३ च्या जानेवारीत विकिव्हॉयेज या नावाने तोच समुदाय प्रतिष्ठानाच्या छत्राखाली पुन्हा उभा राहिला. कंपनीने नाव विकत घेतले होते. लिहिणारे हात तिला विकत घेता आले नाहीत. ज्ञानकोश मंडळाच्या भागधारकाजवळ भाग होता, पण मजकूर नव्हता. विकीच्या लेखकाजवळ भाग नाही, पण मजकूर आहे. कर्तृत्वाच्या इतिहासात हा फरक लहान नव्हे.

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा. आज त्यातील लेखांची संख्या एक लाखाच्या आसपास आहे. त्याच्या भाषेचे दोन थर आहेत आणि ते परस्परविरोधी आहेत. कामकाजाचा थर अस्सल मराठी आहे. जेथे सदस्य वाद घालतात त्या पानाला चावडी म्हणतात. नवशिक्याने सराव करावयाच्या पानाला धूळपाटी. आपोआप संपादने करणाऱ्या यंत्राला सांगकाम्या. सांगकाम्या हा शब्द ज्याने योजिला त्याने परिभाषेच्या दहा समित्यांचे काम केले आहे. अर्थ नेमका, शब्द घरचा आणि त्यात किंचित थट्टाही. विश्वकोशाच्या परिभाषेला जे क्वचितच साधले, ते या अनाम मंडळींना सहज साधले, कारण हे शब्द त्यांना रोज वापरावयाचे होते.

लेखांचा थर मात्र निराळा आहे. तेथील असंख्य चरित्रलेखांचा आरंभ अमुक हे एक भारतीय लेखक होते, अशा घाटाच्या वाक्याने होतो. यातील एक हा शब्द मराठी नव्हे. तो इंग्रजी उपपदाची सावली आहे. त्याहून विचार करण्याजोगे आहे ते भारतीय हे विशेषण. मराठी वाचकाला मराठीतून मराठी लेखकाचा परिचय करून देताना तो भारतीय असल्याचे सांगणारा निवेदक कोठे उभा आहे? तो सातासमुद्रांपलीकडे उभा आहे. द्वारे, केले गेले, लिहिले गेले अशा कर्मणी ओझ्याने वाकलेली वाक्ये हाच पुरावा देतात. केतकरांनी ज्या परस्थ दृष्टीतून मराठीला सोडविण्यासाठी पाच प्रस्तावनाखंड लिहिले, ती दृष्टी एका विशेषणाच्या आडून परत आली आहे. त्यामागे कोणाचा कट नाही; अनुवाद सोपा आहे आणि मूळ संशोधन करून मराठीत लिहिणारे थोडे आहेत, एवढेच कारण.

तटस्थता हे विकिपीडियाचे मूलतत्त्व. इंग्रजीत ती मतांच्या तोलावर अवलंबून असते. मराठीत ती व्याकरणापाशीच अडते. चरित्रनायकास तो म्हणावयाचे की ते? आदरार्थी बहुवचन वापरले तर लेखक पक्ष घेतो. एकवचन वापरले तर वाचकास अवमान वाटतो. संताला एकवचन हे जवळिकीचे, राजकीय पुढाऱ्याला तेच उपमर्दाचे. मराठी विकिपीडियात दोन्ही प्रयोग, कधी एकाच लेखात, आढळतात. हा केवळ शुद्धलेखनाचा घोटाळा नव्हे. आपल्या भाषेत आदर आणि वस्तुनिष्ठा यांचा करार अद्याप झालेला नाही, याचे ते चिन्ह आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या विकिपीडियावरील मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदविला, तेव्हा हाच प्रश्न व्याकरणातून न्यायालयाच्या दारापर्यंत गेला. ज्या कोशात लेखकाचे नाव आवरणावर नाही, लेखाखाली नाही, केवळ पानाच्या इतिहासात आणि बहुधा टोपणनावाने आहे, तेथे जबाबदार कोणास धरावयाचे?

उत्तर त्या इतिहासपानातच आहे. केतकरांच्या ग्रंथात मत दिसते, पण मत कसे बनले ते दिसत नाही. विश्वकोशात नाव दिसते, पण समितीतील मतभेद दिसत नाही. विकीच्या पानामागे प्रत्येक बदल, त्याची वेळ आणि त्यावरील भांडण जतन केलेले असते. येथे उत्तरदायित्व व्यक्तीकडून प्रक्रियेकडे गेले आहे. ते दुर्बळ आहे असे म्हणता येईल, परंतु ते उघडे आहे. अट एकच : ती प्रक्रिया पाहणारे, मूळ ग्रंथ उघडून पडताळणारे आणि चुकलेले वाक्य दुरुस्त करणारे जाणकार पुरेसे असले पाहिजेत. इंग्रजीत ती गर्दी आहे. मराठीत थोड्या निष्ठावंतांवर सारा भार पडतो, आणि थोड्यांच्या हाती असलेला सर्वांचा कोश हा पुन्हा थोड्यांचाच कोश होय.

येथे रायपूरचा विचार पुन्हा प्रस्तुत ठरतो. माधवराव सप्रे हे मराठी भाषिक. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून छत्तीसगड मित्र हे हिंदी मासिक काढले, दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी. त्यांची मातृभाषा मराठी, त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी, आणि गजाननरावांचा अखेरचा अध्यापनकाल राजनांदगावचा. अशा माणसांवरील उत्तम मराठी लेख मुंबई-पुण्यापेक्षा रायपूरच्या अभ्यासकाने लिहिणे स्वाभाविक आहे; दोन्ही भाषांतील साधने त्याच्या हाताशी आहेत. कंपनीने त्याच्याकडे वर्गणी मागितली, शासनाने त्याला वाचक मानले. विकीने प्रथमच त्याला लेखणी देऊ केली. ती त्याने उचललेली सहसा दिसत नाही, याचा दोष मात्र विकीवर टाकता येणार नाही.

तो दोष विद्वत्तेच्या चालू व्यवस्थेवर येतो. विद्यापीठांतील अध्यापक विकिपीडिया वाचतात, त्याचा आधार घेतल्याचे लपवितात आणि त्यात एक ओळही लिहीत नाहीत. कारण अनाम लेखनाला त्यांच्या हिशेबात गुण नाहीत. केतकर व तर्कतीर्थ यांनी कोशकार्याला विद्वत्तेचे सर्वोच्च कर्तव्य मानले होते. त्यांच्या वारसांनी ते हौशी लोकांवर सोपविले आणि मग हौशी लोकांच्या मराठीची टवाळी आरंभिली. हा न्याय नव्हे.

तेव्हा या तीन प्रयत्नांतून श्रेष्ठ कोणता हा प्रश्न फारसा फलदायी नाही. पहिल्याने मराठीला दृष्टी दिली, दुसऱ्याने शिस्त दिली, तिसऱ्याने दार उघडले. केतकरांची दृष्टी आणि वाईची शिस्त घेऊन त्या दारातून आत जाणारे अभ्यासक निघाले, तर मराठी कोशगद्याचा पुढचा अध्याय लिहिला जाईल. न निघाले, तर ती जागा रिकामी राहणार नाही. अनुवादयंत्रे आणि सांगकामे ती भरून काढतील, आणि मराठीत लाखो लेख असूनही मराठीचे असे त्यांत थोडेच राहील.