'हे कशाचे आहे?' : मर्ढेकर, काळी भिंत आणि गायतोंडे

अमूर्त चित्रासमोर उभा राहिलेला आपल्याकडचा सुजाण रसिकसुद्धा पहिला प्रश्न विचारतो, "हे कशाचे आहे?" हाच माणूस एखाद्या ओसरीवर बसला, तर "ही ओसरी कशासारखी दिसते?" असे विचारत नाही. तिथली सावली, छताची उंची, खांबांमधले अंतर त्याला आपोआप कळते. ते सुखावते किंवा खुपते. वास्तूत सहज चालणारी ही दृष्टी चित्रापुढे का अडते? याचे निम्मे उत्तर खानदेशातच जन्मलेल्या एका माणसाने देऊन ठेवले आहे.

बा. सी. मर्ढेकर १९०९ साली फैजपूरला जन्मले. कवी मर्ढेकर आपल्या परिचयाचे आहेत. सौंदर्यमीमांसक मर्ढेकर मात्र बव्हंशी अभ्यासक्रमापुरते उरले. 'सौंदर्य आणि साहित्य' या त्यांच्या ग्रंथाला १९५६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचा विचार थोडक्यात असा : कलाकृतीचे सौंदर्य तिने कशाची नक्कल केली यात नसते, तर तिच्यातल्या संवेदनांच्या परस्परसंबंधांत असते. हे संबंध संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी बांधले जातात. या बांधणीला त्यांनी लय म्हटले.

ही कसोटी प्रथम वास्तूवर लावून पाहू. पुणे विद्यापीठाच्या आवारातील 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था चार्ल्स कोरिया यांनी आखली. तिच्या भिंतीत काळ्यावर काळा रचलेला आहे. खाली आपल्याच दख्खनचा खडबडीत बेसॉल्ट, त्यावर अधिक गडद कडप्पा आणि माथ्यावर चकाकणारा काळा ग्रॅनाइट. रंग एकच, म्हणून संवाद. पृष्ठभाग वेगवेगळे, म्हणून विरोध. माथ्यावरच्या पट्टीत आकाश उतरते आणि भिंतीचा जडपणा तोलला जातो. विश्वाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत शिरताना दगडच हळूहळू आकाश होतो, आणि त्यासाठी एकही आकृती कोरावी लागलेली नाही. याच वास्तूच्या मधल्या कुंडाशी आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. पाहुण्याची नजर आधी तिकडेच जाणार, कारण पुतळा 'कोणाचा' ते सांगता येते. भिंत कोणाचीच नसते.

आता वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१). आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणण्यापेक्षा 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणणे त्यांना पसंत होते. भेद महत्त्वाचा आहे. अमूर्त म्हटले की मुळात काही मूर्त होते आणि ते पुसले, असे वाटते व प्रेक्षक ते पुसलेले शोधत बसतो. वस्तुनिरपेक्ष चित्रात शोधण्यासारखे काही लपवलेलेच नसते. गायतोंडे रोलरने आणि रंगसुरीने रंगाचे थर देत, काढत, पुन्हा देत. एका रंगाच्या आत खोलवर दुसरा उजळत राहतो, मध्येच खरखरीत खुणा तरंगतात. आयुकाच्या भिंतीतला न्याय इथेही आहे : रंग जवळजवळ एकच, पृष्ठभाग अनेक, आणि तोल. जो त्या भिंतीपाशी थांबू शकतो, त्याला या चित्रापाशी थांबता यायला हरकत नाही. २०१३ साली मुंबईच्या लिलावात गायतोंडे यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले, तेव्हा 'हे कशाचे?' याची जागा 'हे केवढ्याचे?' या प्रश्नाने घेतली. पाहणे दोन्हींत टळते.

मात्र मर्ढेकरांपाशी थांबून भागत नाही. त्यांची लय शुद्ध संवेदनेची आहे. वास्तूत उन्हाळा काढावा लागतो. आपल्याकडचे धाब्याचे घर घ्या. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया, वर मातीचे सपाट धाबे. झरोक्यातून पडलेला उन्हाचा तुकडा दिवसभर भिंतीवरून सरकतो. मर्ढेकरी दृष्टीला त्यात अंधार-उजेडाचा विरोध दिसेल, आणि तो खराच आहे. पण तो अंधार मे महिन्यातला गारवाही आहे. इथे लय डोळ्यांइतकीच कातडीला कळते. वास्तूच्या आस्वादात उपयोग हा सौंदर्याचा अडसर नसून त्याचाच एक घटक आहे, एवढी दुरुस्ती मर्ढेकरांच्या विचाराला करावी लागेल.

योगायोग असा, की या दुरुस्तीचा दाखलाही फैजपूरनेच दिला. डिसेंबर १९३६मध्ये तिथे काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. त्याच्या नगराची सजावट व उभारणी गांधीजींनी नंदलाल बोस या चित्रकाराकडे सोपवली. बोसांनी बांबूसारखे आसपास मिळणारे साधे साहित्य वापरले. चित्रकाराची नजर आणि गावाचे सामान तिथे एकत्र आले. अधिवेशन संपले, नगर उतरले. मर्ढेकरांच्या जन्मगावीच हे घडले, तरी त्याची आठवण राजकीय इतिहासात राहिली, कलाविचारात नाही.

हा केवळ अभिरुचीचा मामला नाही. जळगाव-धुळ्यात आज धाबी उतरून स्लॅब पडत आहेत, आणि पश्चिमेच्या उन्हाला दर्शनी काचा लागत आहेत. मातीच्या घरात पावसाळ्यापूर्वी धाबे सारवणाऱ्या बाईचे कष्ट ज्यांनी पाहिले आहेत, ते स्लॅबला दोष देणार नाहीत. प्रश्न एवढाच, की जुने घर पाडताना आपण नेमके काय पाडतो आहोत, हे सांगण्याची भाषा आपल्याकडे आहे का? 'पडके' आणि 'पक्के' या दोनच शब्दांवर निर्णय झाला, तर जाड भिंतीचा गारवा, झरोक्याचा उजेड, ओसरीचे प्रमाण नव्या आराखड्यात मागायचे कोणी आणि कोणत्या शब्दांत? जे पाहता आले नाही ते मागताही येत नाही. गायतोंडे यांच्या चित्रासमोर दहा मिनिटे निमूट उभे राहण्याचा सराव म्हणूनच चैनीचा नाही. तो आपल्या घराच्या भिंतीपर्यंत येऊन पोचतो.