वीज कोणाची? : प्वेर्तो रिकोच्या वीजवादातील परिभाषेची चिकित्सा

१

वीजव्यवस्थेच्या मालकीविषयीचे वाद बहुधा अर्थशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या कक्षेत चालतात. आकारणीचे दर, कर्जाचा भार, तारांची व खांबांची देखभाल हे त्यांचे नित्याचे विषय होत. परंतु ज्या शब्दांच्या आधाराने हे वाद चालतात, त्या शब्दांची चिकित्सा क्वचितच केली जाते. ‘सार्वजनिक’ आणि ‘खासगी’ हे शब्द परस्परविरोधी असून त्या दोहोंत मिळून मालकीचे सर्व प्रकार सामावतात, असे उभय पक्ष गृहीत धरून चालतात. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहण्यासाठी कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको ह्या बेटाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

सुमारे ३२ लक्ष लोकवस्तीचे हे बेट अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सत्तेखाली आहे. लोकांची भाषा स्पॅनिश आहे. मुख्य भूमीवरील एखाद्या प्रांतात विजेची तूट पडली तर शेजारच्या प्रांतातून वीज आणता येते. बेटाला अशी सोय नाही. तेथील व्यवस्था कोलमडली की ती संपूर्णच कोलमडते. ह्यामुळे ‘वीज कोणाची?’ हा प्रश्न तेथे केवळ तात्त्विक राहत नाही.

२

१९४१ साली बेटाच्या विधिमंडळाने जे वीज प्राधिकरण स्थापन केले त्याचे नाव ‘आउतोरिदाद दे लास फ्वेन्तेस फ्लुबियालेस’ असे होते. ह्या नावाचा अर्थ ‘नदीस्रोतांचे प्राधिकरण’. नावात विजेचा उल्लेखच नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दक्षिण किनाऱ्यावरील पाटबंधारे आणि डोंगरातील जलविद्युत् ह्यांच्या सरकारी योजनांतून हे प्राधिकरण उदयास आले होते आणि अभियंता आन्तोनिओ लुकेत्ती ह्यांचा त्यामागील वाटा मोठा होता. त्या काळी बेटावरील मोठ्या शहरांचा वीजपुरवठा खासगी कंपन्यांकडे असून त्यांपैकी प्रमुख कंपनी कॅनडातील भांडवलावर उभी राहिलेली होती. गव्हर्नर रेक्सफर्ड टगवेल ह्यांच्या कारकीर्दीत, १९४२ साली, युद्धकालीन अधिकारांचा आधार घेऊन ह्या कंपन्यांची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली व पुढे ती प्राधिकरणाकडे आली.

‘नदीस्रोत’ ह्या नावात एक युक्तिवाद दडलेला होता. नदी कोणा एकाची नसते, ती सर्वांची असते. म्हणून नदीपासून निघणारी वीजही सर्वांचीच असली पाहिजे, असा हा युक्तिवाद. तो कोणी स्पष्टपणे मांडण्याची आवश्यकताच नव्हती. नाव उच्चारताच तो मांडला जाई. पुढे परिस्थिती बदलली. उद्योग वाढले, विजेची मागणी वाढली आणि नद्यांची जागा आयात तेलावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रांनी घेतली. वस्तू बदलली तरी नाव मात्र १९७९ पर्यंत तेच राहिले. त्या साली ते बदलून ‘आउतोरिदाद दे एनेर्खिया एलेक्त्रिका’, म्हणजे ‘विद्युत् ऊर्जा प्राधिकरण’, असे करण्यात आले. वर्णन म्हणून हे नवे नाव अधिक अचूक होते ह्यात शंका नाही. परंतु ह्या अचूकतेबरोबर जुन्या नावातील युक्तिवादही गेला. ‘विद्युत् ऊर्जा’ ही वस्तू आहे. ती कोणीही निर्माण करावी व कोणीही विकावी. तिच्यात सर्वांच्या हक्काची आठवण राहिलेली नाही.

ह्याच संदर्भात आणखी एका संज्ञेचा विचार करावा लागतो. बेटाच्या कायद्यात अशा संस्थेला ‘कोर्पोरासिओन पुब्लिका’, म्हणजे सार्वजनिक निगम, म्हणतात. ज्या दोन शब्दांना वादात परस्परांचे शत्रू मानले जाते, ते ह्या संज्ञेत एकत्र नांदतात. मराठीत ह्या मूळ शब्दाला ‘महामंडळ’, ‘महानगरपालिका’ आणि ‘कंपनी’ असे तीन पर्याय रूढ झाल्याने त्यांचे नाते झाकले जाते. जुन्या मुंबईकराच्या किंवा पुणेकराच्या तोंडी ‘कॉर्पोरेशन’ म्हणजे नगराची पालिका; आजच्या वृत्तपत्रीय मराठीत ‘कॉर्पोरेट’ म्हणजे खासगी भांडवल. उलटपक्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची २००५ साली ज्या कंपन्यांत विभागणी झाली, त्या नावाने कंपन्या असल्या तरी मालकीने सरकारी आहेत. तात्पर्य, संस्थेच्या नावावरून तिची मालकी ओळखता येत नाही आणि मालकी कळल्याने तिचा कारभारही कळत नाही.

३

प्राधिकरणाचा कारभार सार्वजनिक होता म्हणून तो निर्दोष होता असे मात्र नाही. नगरपालिकांना करांच्या मोबदल्यात वीज देण्याच्या प्रथेमुळे उधळपट्टीला वाव मिळाला. एका उष्ण कटिबंधीय गावातील नगरपालिकेचे बर्फावर घसरण्याचे क्रीडांगणही त्या विजेवर चाले. चालू खर्चाची तोंडमिळवणी रोख्यांनी होऊ लागली आणि देखभाल मागे पडत गेली. २१ सप्टेंबर २०१६ रोजी आगीर्रे येथील विद्युत् केंद्रात आग लागून सबंध बेट अंधारात बुडाले. ह्या घटनेत न वादळ होते, न खासगी कंपनी. जुलै २०१७ मध्ये सुमारे ९ अब्ज डॉलरांच्या कर्जासह प्राधिकरणाने दिवाळखोरीच्या न्यायप्रक्रियेचा आश्रय घेतला.

त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, २० सप्टेंबर २०१७ रोजी, मारिया हे चक्रीवादळ बेटावर आदळले. पुरवठा पूर्ववत् होण्यास सुमारे अकरा महिने लागले. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने मृतांचा अधिकृत आकडा ६४ वरून २,९७५ वर नेला. हा आकडा वादळाच्या दिवशी दगावलेल्यांचा नसून त्यानंतरच्या महिन्यांत झालेल्या अधिक मृत्यूंचा अंदाज आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे शुद्धीकरणयंत्र, श्वासोच्छ्वासाला मदत करणारे उपकरण, इन्शुलिन ठेवण्याचे शीतकपाट ही सर्व विजेवर अवलंबून असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे परिभाषेच्या ह्या चर्चेमागे काय पणाला लागले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

जून २०१८ मध्ये १२० क्रमांकाचा कायदा झाला. त्याचे शीर्षक ‘प्वेर्तो रिकोच्या विद्युत्‌व्यवस्थेच्या रूपांतरासाठी कायदा’ अशा अर्थाचे आहे. ‘रूपांतर’ ह्या शब्दाला ना दिशा आहे, ना कर्ता. विक्री म्हटले म्हणजे विकणारा, घेणारा आणि किंमत हे तिन्ही सांगावे लागतात. रूपांतर म्हटले म्हणजे ह्यांपैकी काहीच सांगावे लागत नाही. क्रियापदाचे नाम केले की कर्ता गळून पडतो, हा व्याकरणातील साधा अनुभव येथे राज्यकारभारात उपयोगी पडला आहे.

४

ह्या कायद्याच्या आधारे जून २०२० मध्ये लूमा एनर्जी ह्या कंपनीशी वहन आणि वितरण ह्यांसाठी पंधरा वर्षांचा करार झाला. कॅनडातील ॲटको व ह्यूस्टनची क्वांटा सर्व्हिसेस ह्यांनी मिळून स्थापलेल्या ह्या कंपनीने १ जून २०२१ पासून कारभार हाती घेतला. वीजनिर्मितीचे काम जुलै २०२३ मध्ये जेनेरा ह्या दुसऱ्या कंपनीकडे गेले.

कायदा स्पॅनिशमध्ये आहे, पण लूमाशी झालेला करार इंग्रजीत आहे. त्या करारात पक्षांना दिलेली नावे अभ्यसनीय आहेत. प्राधिकरणाला ‘ओनर’, म्हणजे मालक, म्हटले आहे. सार्वजनिक-खासगी भागीदारीचे काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेला ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, म्हणजे प्रशासक. आणि लूमाला व्यवस्थापन करणारी कंपनी. तारा, खांब, उपकेंद्रे ह्यांची मालकी प्राधिकरणाकडेच राहिली. कंपनीला ठरीव शुल्क मिळावे आणि खर्चाची भरपाई व्यवस्थेच्या पैशातून व्हावी, अशी योजना आहे. म्हणजे मालक म्हणून जो उल्लेखिला आहे त्याच्याकडे चालविण्याचा अधिकार नाही. आणि ज्याच्याकडे तो अधिकार आहे त्याचे स्वतःचे भांडवल मालमत्तेत गुंतलेले नाही.

ह्यावर दोन पक्ष उभे राहिले. कामगार संघटना आणि अनेक नागरिक ह्यांनी ह्या व्यवहाराला ‘प्रिबातिसासिओन’, म्हणजे खासगीकरण, म्हटले. सरकारने उत्तर दिले की हे खासगीकरण नव्हे, ही ‘आलिआन्सा’, म्हणजे भागीदारी, आहे. मालमत्ता लोकांचीच आहे. शब्दार्थाच्या दृष्टीने सरकारचे म्हणणे बरोबर आहे. परंतु बरोबर शब्दानेही दिशाभूल होऊ शकते. ‘मालमत्ता लोकांची’ ह्या वाक्यात ‘मालमत्ता’ हा शब्द ऐकणाऱ्याला मालकीचे सर्व अधिकार सुचवितो; प्रत्यक्षात त्यातून केवळ नोंदीतील नाव व कर्जाचे ओझे एवढेच लोकांकडे उरते. विरोधकांच्या शब्दाचा दोष ह्याच्या उलट आहे. त्यांचा रोख योग्य दिशेने आहे, परंतु ‘खासगीकरण’ म्हटल्याने पूर्वीची स्थिती निखळ लोकांची होती असे ध्वनित होते. २०१६ चा अंधार आणि ९ अब्जांचे कर्ज ह्या ध्वनीत बसत नाहीत.

ह्या वादात ‘मालकी’ ह्या एका शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. नावावर कोणाच्या आहे, हा पहिला प्रश्न. चालवितो कोण, हा दुसरा. आणि बिघडले तर जबाब कोण देतो, हा तिसरा. पहिल्या दोहोंवर भरपूर बोलले गेले. तिसऱ्याची वाट मात्र मे २०२१ मध्ये, कंपनीने सूत्रे हाती घेण्याच्या तोंडावर, ऊर्जाविषयक नियामक संस्थेने मंजूर केलेल्या एका तरतुदीत दिसते. तिने ग्राहकांप्रती असलेले कंपनीचे नुकसानभरपाईचे दायित्व मर्यादित केले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी व पुन्हा १६ एप्रिल २०२५ रोजी जवळजवळ सर्व बेट अंधारात गेले तेव्हा मालक, निर्माता आणि वितरक हे तीन निराळे होते, आणि ‘कोणामुळे?’ हा प्रश्न प्रत्येक दारावरून पुढच्या दारी जात राहिला.

५

तुलनेसाठी दोन अन्य बेटांचा निर्देश करता येईल. मुंबई बेटावरील वीज व ट्राम कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी नगरपालिकेने ताब्यात घेतली आणि तिला ‘उपक्रम’ हे नाव मिळाले. पण हा उपक्रम लोकांना जी वीज पुरवी ती मुख्यतः टाटांच्या खासगी कंपनीकडून विकत घेतलेली असे. तरीही वीज गेली की नागरिकाने कोणत्या कचेरीत जावे व कोणत्या नगरसेवकाला विचारावे हे ठाऊक होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट असल्याने पहिल्या दोहोंतील मिश्रणाचा फारसा बाऊ झाला नाही.

हवाई द्वीपसमूहातील कौआई बेटावर नोव्हेंबर २००२ मध्ये ग्राहकांच्या सहकारी संस्थेने तेथील खासगी वीज कंपनी २१ कोटी ५० लक्ष डॉलरांना विकत घेतली. तेथे ग्राहक ‘सभासद’ झाला आणि संचालक निवडून देऊ लागला. महाराष्ट्राला सहकाराची ही भाषा परिचित आहे आणि तिच्या मर्यादाही. श्रीरामपूर भागातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेच्या क्षेत्रातील पुरवठा २०११ साली थकबाकीच्या वादात महावितरणकडे गेला. ‘सभासद’ हा शब्दही आपोआप काही सिद्ध करीत नाही.

प्वेर्तो रिकोमध्येच, डोंगरातील आद्खुन्तास ह्या गावी, ‘कासा प्वेब्लो’ ह्या लोकसंस्थेने सौरऊर्जेवर चालणारे छोटे स्थानिक जाळे २०२३ मध्ये उभे केले. तिचा आवडता शब्द ‘आउतोखेस्तिओन’, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः करणे. ह्या शब्दात मालकाचा उल्लेखच नाही. त्यात चालविणे व जबाब देणे ही दोन्ही एकाच हातात येतात. एका गावाच्या चौकाला पुरणारी योजना साऱ्या बेटाला पुरेल असे त्यावरून म्हणता येणार नाही. परंतु वादाला जो शब्द सापडत नव्हता तो तेथे सापडला आहे.

६

प्वेर्तो रिकोतील सामान्य माणूस विजेला ‘ला लुस’, म्हणजे ‘उजेड’, म्हणतो. वीज खंडित झाली की तो म्हणतो, ‘से फ्वे ला लुस’ : उजेड गेला. मराठी माणूसही अशा वेळी ‘लाईट गेली’ असेच म्हणतो. दोन्ही वाक्यांत जाणारी वस्तू हाच कर्ता आहे. जणू ती आपण होऊन आली आणि आपण होऊन गेली. घरातल्या बोलण्यात हे स्वाभाविक आहे. परंतु तेच व्याकरण कायद्याने व करारांनी उचलले म्हणजे घालविणारा कायमचा अदृश्य होतो.

वीजव्यवस्था सार्वजनिक असावी की कंपनीची, हा वाद म्हणून निरर्थक ठरत नाही. परंतु तो अपुऱ्या शब्दांत चालू आहे. प्राधिकरणाचा काळ व कंपनीचा काळ ह्या दोहोंतही बेटावरील रहिवाशाला नोंदीत मालक म्हटले गेले, देयकात ग्राहक म्हटले गेले आणि अंधारात त्याचा प्रश्न अनुत्तरित राहिला. ह्यापुढे तेथे जो कोणता करार होईल त्याची परीक्षा ‘सार्वजनिक’ किंवा ‘खासगी’ ह्या विशेषणावरून करू नये. त्यात ‘उजेड गेला’ ह्या वाक्याला कर्ता पुरविलेला आहे काय, आणि त्या कर्त्याला न्यायालयात व मतपेटीपुढे उभे करता येते काय, एवढे पाहावे.