रूपकांची निवड आणि लिपीचा प्रश्न : ‘इन द बिगिनिंग... वॉज द कमांड लाइन’ची चिकित्सा

प्रास्ताविक

घरातील व कार्यालयातील संगणकासाठी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम निवडावी हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञानाचा, फार तर बाजारपेठेचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे असे त्यात काही नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तथापि या प्रश्नावर दोन महत्त्वाच्या कादंबरीकारांनी गांभीर्याने लेखन केले आहे. इटालियन कादंबरीकार व चिन्हमीमांसक उम्बेर्तो एको यांनी १९९४ साली ‘लेस्प्रेसो’ या साप्ताहिकातील आपल्या सदरात एक छोटेखानी लेख लिहिला. पुढे १९९९ साली अमेरिकन कादंबरीकार नील स्टीफन्सन यांचा ‘इन द बिगिनिंग... वॉज द कमांड लाइन’ हा दीर्घनिबंध आधी इंटरनेटवर आणि नंतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. दोन्ही लेखनांत युक्तिवाद रूपकांच्या आधारे उभा राहतो. ही रूपके निवड करणाऱ्या माणसाविषयी काय गृहीत धरतात आणि मराठीतून लिहिणाऱ्याच्या बाबतीत ती गृहीतके कितपत टिकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात स्टीफन्सन यांचा निबंध केंद्रस्थानी ठेवून केला आहे.

चार दुकाने आणि दोन पंथ

स्टीफन्सन यांचे प्रसिद्ध रूपक मोटारींचे आहे. हमरस्त्याच्या एका चौकात चार विक्रेते शेजारी शेजारी बसले आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठा मायक्रोसॉफ्ट. त्याने आरंभी सायकली विकल्या, म्हणजे एमएस-डॉस. पुढे तो दिसायला बेढब पण खपणाऱ्या कौटुंबिक मोटारी विकू लागला. दुसरा अ‍ॅपल. त्याच्या मोटारी देखण्या, पण त्यांचे इंजिन असे बंदिस्त की आत काय चालते ते मालकालाही कळू नये. तिसरे दुकान ‘बी’ या कंपनीचे. तेथील वाहने सुंदर, वेगवान आणि स्वस्तही. चौथे दुकान मुळी दुकानच नव्हे. मोकळ्या मैदानात तंबू ठोकून राहिलेले काही स्वयंसेवक तेथे अभेद्य रणगाडे तयार करतात आणि किल्ली लावलेल्या स्थितीत रस्त्याच्या कडेला उभे करून ठेवतात. हवा त्याने फुकट न्यावा. हे लिनक्स होय. तरीही दहांतील नऊ गिऱ्हाइके सरळ पहिल्या दुकानात शिरतात आणि रणगाडेवाल्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आपण रात्री घरी येऊन रणगाडा दुरुस्त करून देऊ, असे एक स्वयंसेवक सांगतो, तेव्हा गिऱ्हाईक त्याला घरापासून दूर राहण्यास बजावते. या संवादातील विनोद आजही ताजा वाटतो.

एको यांचे रूपक धर्माचे आहे. त्यांच्या मते मॅकिंटॉश कॅथलिक. तो श्रद्धावंताला पावलापावलाने, चित्रांच्या साहाय्याने मोक्षापर्यंत नेतो. डॉस प्रोटेस्टंट, तेथे ग्रंथाचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा आणि मोक्ष सर्वांनाच मिळेल याची हमी नाही. विंडोज म्हणजे अँग्लिकन पंथ. बाहेरून थाट कॅथलिकांचा, पण आतून डॉसकडे परतण्याची वाट मोकळी.

दोन्ही रूपकांत चातुर्य आहे, परंतु त्यांचा भेद केवळ शैलीचा नाही. धर्म माणूस बहुधा निवडत नाही. तो त्यात जन्मतो. मोटार मात्र पैसे मोजून, पसंत करून घेतली जाते. म्हणजे स्टीफन्सन यांच्या चौकात येणारा माणूस मोकळा आहे आणि त्याच्या पसंतीत खोट असेल तर ती त्याच्या समजुतीची. एको यांनी मनोरंजनासाठी योजलेले रूपक या एका बाबतीत अधिक खरे ठरते, असे म्हणावे लागते.

काळाने चौकातील दुकानांची अदलाबदल केली आहे. ‘बी’ कंपनीची मालमत्ता २००१ साली पाम या कंपनीने विकत घेतली. त्याच वर्षी अ‍ॅपलने आणलेली मॅक ओएस टेन युनिक्सच्या पायावर उभी होती. आपल्या निबंधाचा बराचसा भाग कालबाह्य झाल्याचे आणि आपण स्वतः त्या नव्या प्रणालीकडे वळल्याचे स्टीफन्सन यांनी २००४ साली मोकळेपणाने मान्य केले. २०१६ पासून खुद्द विंडोजच्या पोटात लिनक्सची आज्ञावली चालू लागली, आणि ज्या गिऱ्हाइकांनी रणगाडा नाकारला त्यांच्याच हातात अँड्रॉइड फोनच्या रूपाने लिनक्सचा गाभा येऊन बसला. भाकीत म्हणून हा निबंध वाचण्यात त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही.

निबंधात एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) या कादंबरीतील एलॉय व मॉरलॉक या दोन जमातींचाही आधार घेतला आहे. यंत्र आतून जाणणारे थोडे, आणि चित्रांवर टिचक्या मारून समाधान मानणारे पुष्कळ, अशी ती विभागणी. तिच्यात जाणकाराचा अहंकार डोकावतो, आणि लेखकालाही त्याची जाणीव असावी असे निवेदनाच्या मिस्कील सुरावरून वाटते. त्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

न उघडलेली फाइल

निबंधाचे खरे मर्म मोटारींच्या चौकात नसून एका लहानशा अनुभवात आहे. स्टीफन्सन यांनी १९८५ च्या सुमारास वर्ड या सॉफ्टवेअरवर लिहिलेला मजकूर नव्वदच्या दशकाच्या मध्यास त्याच सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत उघडून पाहिला. तो उघडला नाही. साधा मजकूर म्हणून उघडल्यावर शब्द सापडले, पण मधूनमधून रिकामे चौकोन आणि निरर्थक चिन्हे पसरलेली होती. या अनुभवातून त्यांनी एक संकल्पना मांडली आहे. तिला मराठीत ‘रूपकाची फारकत’ म्हणता येईल. पडद्यावर जे ‘दस्तऐवज’ म्हणून दिसते ते कागदासारखे टिकाऊ नाही, हे माणसाला ज्या क्षणी कळते तो क्षण म्हणजे ही फारकत. पुढे त्यांच्या मॅकिंटॉशवर एक मोठी, महत्त्वाची फाइल कायमची नष्ट झाली आणि त्यांनी प्रणाली बदलली. अर्थात ज्याने गिऱ्हाइकांना मोटारी पारखायला लावल्या, त्याने स्वतः प्रणाली पारखून बदलली नव्हती. लिहिलेले गेले, म्हणून बदलली.

या अनुभवातून स्टीफन्सन साध्या मजकुराच्या, म्हणजे कोणत्याही यंत्रावर उघडणाऱ्या निव्वळ अक्षरांच्या पक्षपाताकडे येतात. निबंधाचे शीर्षक योहानकृत शुभवर्तमानाच्या आरंभाची आठवण करून देणारे आहे. आरंभी होता तो शब्द, आणि संगणकाच्या बाबतीत तो कमांड लाइनवर टंकलेला शब्द. चित्रे त्यानंतरची. ही भूमिका आकर्षक आहे. परंतु तो शब्द कोणत्या लिपीतला, हा प्रश्न निबंधात कोठेही उपस्थित होत नाही.

देवनागरीची बाजू

स्टीफन्सन यांची जुनी फाइल बिघडली तरी त्यांचे शब्द शाबूत होते, कारण रोमन अक्षरांना सर्व यंत्रांवर एकच क्रमांक होता. त्याच काळातील मराठी मजकुराची स्थिती वेगळी होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण सांकेतिक पद्धती १९९१ साली मान्य झाली आणि युनिकोडच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. पण छपाईच्या व्यवहारात प्रत्यक्ष वापर झाला तो श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरचा आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या फाँटचा. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धी अक्षरे असे देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली ती या सॉफ्टवेअरमुळे, हे नाकारता येत नाही. मात्र तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की समोर येत तो रोमन अक्षरांचा गोंधळ. ‘साधा मजकूर’ म्हणून उघडण्याचा स्टीफन्सन यांचा उपाय येथे लागू पडत नाही, कारण साध्या मजकुराच्या पातळीवर मराठी शब्द तेथे नव्हतेच.

येथे ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रश्न नव्या अर्थाने समोर येतो. देवनागरीत क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर दिसले, असे होत नाही. ‘कि’मधील वेलांटी उच्चारात नंतर असूनही डावीकडे काढावी लागते, जोडाक्षरे जुळवावी लागतात. मराठीत तर ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, असा अर्थभेद केवळ अर्ध्या ‘र’च्या आकाराने होतो. ही जुळणी बहुतांशी प्रणालीने पुरवलेल्या व्यवस्थेवर अवलंबून असते. विंडोज २००० मध्ये ती आली आणि तिच्याबरोबर र. कृ. जोशी यांनी रचलेला मंगल हा फाँट आला. विंडोज ९८ मध्ये अशी अंगभूत सोय नव्हती. विंडोज एक्सपीमध्ये होती, परंतु बहुधा प्रादेशिक भाषांच्या पर्यायात जाऊन, मूळ सीडी घालून ती सुरू करावी लागे. लिनक्सवर अशी व्यवस्था उभी करण्याचे काम मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत ‘इंडिक्स’ या नावाने झाले.

तात्पर्य, इंग्रजीतून लिहिणाऱ्याला प्रणाली म्हणजे वाहन असे म्हणणे परवडते. कोणत्याही वाहनात बसले तरी त्याचे अक्षर तेच राहते. मराठीतून लिहिणाऱ्याला प्रणालीच अक्षर देते किंवा देत नाही. चौकातील चार दुकानांपैकी एका ठिकाणीच आपल्या भाषेची पाटी वाचता येत असेल, तर तेथे शिरणाऱ्याला अडाणी गिऱ्हाईक म्हणणे अन्यायाचे होय.

घर आणि कार्यालय

निवडीचा दुसरा बंध संस्थांचा आहे. चौकात एकटा उभा असलेला गिऱ्हाईक प्रत्यक्षात विरळा. कार्यालयात जी प्रणाली, तीच घरी येते, कारण काम घरी येते. महाराष्ट्रात २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून ज्या मोठ्या वर्गाला संगणक प्रथम भेटला, त्याला तो विंडोजच्या रूपातच भेटला. शेजारच्या नव्हे, पण दूरच्याही नव्हे अशा केरळ राज्यात मात्र याच शतकाच्या पहिल्या दशकात शालेय संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर नेण्यात आले. दोन्हीकडील विद्यार्थ्यांनी कोणतीही मोटार पारखली नव्हती. निर्णय त्यांच्यासाठी झालेला होता. स्टीफन्सन यांच्या निबंधात शासन, शाळा, मुद्रणालय यांना निवड करणारे घटक म्हणून स्थान नाही, ही त्याची सर्वांत मोठी उणीव मानावी लागेल. एको यांच्या रूपकात निदान चर्च आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी आवश्यक असलेली टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था अनेक जुन्या, पण चालू स्थितीतील संगणकांत नाही. घरातील असा संगणक लिनक्सवर नेणे आज मराठी लिहिणाऱ्याला शक्य आहे. मराठी कळफलक आणि जुळणी तेथे उपलब्ध आहे. कार्यालयातील किंवा मुद्रणालयातील संगणकाबाबत तसे सरसकट म्हणता येत नाही, कारण जुन्या फाँटांतील मजकूर आणि तो उघडणारे सॉफ्टवेअर बहुतांशी विंडोजशी बांधलेले आहे. अशा फाइली युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तक सॉफ्टवेअर आहेत. त्यांतून निघालेला मजकूर मात्र ओळीनुसार तपासावा लागतो, आणि हे तपासण्याचे काम प्रणाली बदलण्याच्या खर्चात सहसा धरले जात नाही.

स्टीफन्सन यांनी १९९९ साली आपला निबंध इंटरनेटवर ठेवला तो साध्या मजकुराच्या फाइलच्या रूपात. ती फाइल आज विंडोज, मॅक वा लिनक्स यांपैकी कशावरही, कोणताही फाँट न शोधता उघडते. त्याच वर्षी मराठीत अक्षरजुळणी झालेल्या पुस्तकाची फाइल, एखाद्या मुद्रणालयाच्या कपाटातील जुन्या सीडीवर शिल्लक असलीच, तर ती कोणत्या फाँटमध्ये आहे हे आधी विचारावे लागते.