शिक्क्याआधीची रांग

मराठी प्रवासवर्णनांत इमिग्रेशन म्हणजे बहुधा एक गमतीचा परिच्छेद. लंडनचा अधिकारी खडूस, सिंगापूरचा झटपट, बॅगेतल्या लोणच्यावर दोन वाक्यं, की लेखक थेट थेम्सकाठी. ही तुलना मला अपुरी वाटते, कारण पहिली तपासणी मुंबईतच होते. दहावी न झालेल्या बहुतेकांचा पासपोर्ट ‘ईसीआर’ असतो. १९८३च्या कायद्याप्रमाणे आखातात कामाला जायचं तर त्यांना आपल्याच सरकारची वेगळी मंजुरी लागते. आम्हा इंजिनिअरांना हे माहीतही नसतं.

खरं तर हिंगोलीकरांना सरहद्द नवी नाही. स्वातंत्र्याआधी आपण निजामाच्या राज्यात, पैनगंगेपलीकडचं उमरखेड इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडात, आणि मधे मालावर निजामाची करोडगिरी.

मला आता रियाधला निघालेल्या नववी पास गवंड्याचं प्रवासवर्णन वाचायचंय.