ललिता पवारच्या डोक्यावरचं खापर

ललिता पवार ही काही आपल्यातली नव्हे. १९१६ साली येवल्याला जन्मली, रेशीम-कापसाचा धंदा करणाऱ्या पैसेवाल्या घरात. घरचं नाव अंबा सगुण. (येवला म्हटलं की आपल्याला १३ ऑक्टोबर १९३५ आठवतो, बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणा. त्याच गावची ही बाई.) तरी तिच्यावर या पानांत लिहितोय. कारण घरातल्या पुरुषांचं पाप बाईच्या नावावर कसं चढवतात, ते तिच्या कामांइतकं उघड दुसरीकडं दिसत नाही.

मूकपटात पोरपणी आली, पुढं हिरोईन झाली. मग १९४२. 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग. भगवानदादांनी मारायची थप्पड जोरात बसली. तोंडाला लकवा, डावा डोळा कायमचा बारीक. भगवानदादा गिरणी कामगाराचा पोरगा, त्यानं मुद्दाम मारलं असं कोणी म्हणत नाही. पण मी जिनिंगमधला माणूस. मला यात कामावरचा अपघात दिसतो. आमच्याकडं मशीनमध्ये ज्याची बोटं जातात त्याला मालक गेटवर वॉचमन करतो, वर उपकार केल्याचं तोंड करतो. हिला सासू केली. पेपरवाले लिहितात, बाईनं व्यंगाचं सोनं केलं. केलं ना. पण ते कुणाच्या गल्ल्यात गेलं, हे कुणी लिहीत नाही.

आता तिची कामं बघा. प्रभातचा 'रामशास्त्री', १९४४. ती आनंदीबाई. खून नारायणरावाचा, गादी मिळाली राघोबाला, आणि लोकांच्या तोंडी राहिलं काय, तर बाईनं 'ध'चा 'मा' केला! शांतारामबापूंचा 'दहेज', १९५०. पिक्चर हुंड्याविरुद्ध, पण पब्लिकचा राग सगळा सासूवर. हुंड्यावर ज्यांचं घर भरतं ते बाप्ये नामानिराळे. पुढं असल्या सासवा तिनं ढिगानं केल्या. त्यातल्या कित्येक एका साच्यातल्या आहेत, उगाच गोडवे गायचं कारण नाही.

आणि मग मंथरा. १९८७-८८, रामानंद सागरांचं 'रामायण', दर रविवारी दूरदर्शनवर. वर दिले दशरथानं, मागितले कैकेयीनं, आणि देशभर शिव्या कुणाला? माहेराहून आलेल्या कुबड्या दासीला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं ते परत लावलं तेव्हा मी बघितलं. काम बंद, खिशात दमडी नाही, दिवसभर टीव्हीच. त्या वाकलेल्या पाठीत मला जन्मभर दुसऱ्याच्या घरात राबलेली बाई दिसली. असली बाई सागरांना दाखवायची नव्हती. ललिताबाईंच्या अंगातूनच ती आली. आणि लक्षात घ्या, पहिल्यांदा हे टीव्हीवर चालू होतं त्याच दिवसांत बाबासाहेबांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम'मधलं राम-कृष्णावरचं परिशिष्ट काढून टाका म्हणून मुंबईत आरडाओरड चालली होती. १९८८ च्या फेब्रुवारीत आपल्या लोकांनी प्रचंड मोर्चा काढून त्याला उत्तर दिलं. ज्या देशात रामाविषयी प्रश्न विचारणं गुन्हा ठरतं, तिथं मंथरेच्या बाजूनं कोण बोलणार?

आपण तरी बोलतो का? आपल्या वस्तीत कडक म्हातारी असली की पोरं म्हणतात, "आली बघ ललिता पवार." स्टडी सर्कलला येणारी पोरंसुद्धा. म्हातारी कडक का झाली, तिनं किती जणांचं उष्टं काढलं, किती पोरं एकटीनं वाढवली, हे इचारायला वेळ नाही.

तिची दुसरी बाजू बघायची तर 'श्री ४२०' बघा, १९५५ चा. मुंबईच्या फूटपाथवर केळी विकणारी गंगामाई. रावेरच्या माणसानं तर बघावाच. आमची केळी पार दिल्लीला जाते, पण घड वाहणाऱ्या मजुरावर पिक्चर कुणी काढला नाही. गंगामाई राज कपूरशी भावावरून घासाघीस करते तेव्हा दोन पैशासाठी दिवसभर उन्हात बसलेली बाई दिसते, 'गरीब पण गोड आई' नव्हे.

तिचं सगळ्यात मोठं काम मात्र 'अनाडी', १९५९. मिसेस डिसा, खोलीची मालकीण. भाड्यासाठी तडतडते आणि त्याच तोंडानं माया करते. तोच बारीक डोळा, पण इथं त्यात विष नाही. म्हणजे विष डोळ्यात कधीच नव्हतं, लिहिणाऱ्याच्या शाईत होतं. ती मरते शेठच्या कंपनीच्या विषारी औषधानं, आणि आळ येतो तिच्या गरीब भाडेकरूवर. जन्मभर दुसऱ्यांचं खापर वाहणाऱ्या बाईला फिल्मफेअर मिळालं ते या पिक्चरला, सहाय्यक अभिनेत्री म्हणून. सहाय्यक! तिची माया काढून घेतली तर त्या पिक्चरमध्ये उरतं काय?

ती १९९८ ला पुण्यात गेली. तिचा जन्म १८ एप्रिलचा. १४ एप्रिलला आपल्या चौकात पडदा लागतोच. तो चार दिवस तसाच ठेवा, आणि १८ ला रात्री 'अनाडी' लावा. म्हाताऱ्यांना पुढं बसवा.