'द किड' : लबाडी, पालकत्व आणि कागद

चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' (१९२१) या मूकपटाची चर्चा बहुधा हास्य आणि करुण यांच्या मिलाफापुरती मर्यादित राहते. त्यामुळे एक मूलभूत प्रश्न झाकला जातो : मुलाला वाढवणारा हा माणूस लबाड आहे, याचा अन्वयार्थ कसा लावायचा? मुलगा दगडाने खिडकीची काच फोडतो; मागाहून येणारा फाटका काचवाला ती बसवून पैसे घेतो. चॅप्लिन ही फसवणूक लपवीत नाही, तिचे समर्थनही करीत नाही. मात्र बापलेकांचे नाते याच धंद्याच्या भागीदारीत दृढ होते.

या नात्याची कसोटी एका कागदावर लागते. टाकून दिलेल्या अर्भकाजवळ आईची चिठ्ठी असते : या अनाथाला प्रेमाने सांभाळावे. लबाड माणूस ती विनंती तंतोतंत पाळतो. पुढे मुलगा आजारी पडतो आणि डॉक्टर पितृत्वाविषयी विचारतो, तेव्हा पुरावा म्हणून तो तीच चिठ्ठी दाखवतो. तीच त्याच्यावर उलटते; अनाथाश्रमाची गाडी दारात येते. अखेर तीच चिठ्ठी जन्मदात्रीला आपले मूल ओळखण्याची खूण ठरते. संहिता एकच; परंतु वाचणाऱ्याच्या अधिकारानुसार तिचा अर्थ बदलतो.

दत्तकाचा निर्णय सत्तेच्या हाती असतो, हे मराठी वाचकाला नवे नाही. १८४८ साली कंपनी सरकारने दत्तक वारस नाकारून साताऱ्याचे राज्य खालसा केले. परंतु दत्तकाच्या मुळाशी वंश आणि वारसा असतो. भोकाच्या गोधडीचा अंगरखा करणाऱ्या या माणसाजवळ वारशाने देण्याजोगे काहीच नाही. म्हणून आपल्या भाषेतील 'पोसलेले मूल' हा शब्दप्रयोग येथे अधिक नेमका ठरतो : त्यात हक्क नाही, केवळ श्रम आहेत.

शेवट मात्र या जाणिवेपासून काहीसा माघार घेतो. श्रीमंत झालेल्या आईचे दार उघडते आणि फाटका माणूस आत जातो. बाप म्हणून की पाहुणा म्हणून, हे चित्रपट सांगत नाही. १९७१ साली चॅप्लिनने नव्याने सिद्ध केलेल्या आवृत्तीत आईची काही दृश्ये गाळली. त्यामुळे सहानुभूतीचा तोल पोसणाऱ्याकडे अधिक झुकला, पण तो प्रश्न सुटला नाही. तो न सुटण्यातच या कलाकृतीचा प्रामाणिकपणा आहे, असे म्हणावे लागेल.